सोळाशे रुपये कुठे गेले?

२०२० च्या टाळेबंदीत माझ्या भाच्याच्या कंपनीने सगळ्यांचे पगार वीस टक्क्यांनी कापले. त्याचा पगार चाळीस हजार होता, तो बत्तीस हजारांवर आला. पुढे दीडेक वर्षाने कंपनीचं बस्तान बसलं, तेव्हा पत्र आलं की कापलेले वीस टक्के पुढच्या महिन्यापासून पूर्ववत देत आहोत. घरात पेढे आले. महिनाअखेरीस खात्यात जमा झाले ३८,४०० रुपये. पगाराची पावती घेऊन तो माझ्याकडे आला, चहाचा कप बाजूला सारून त्याने ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "मावशी, वीस कापले, वीस दिले. मग सोळाशे कुठे गेले?"

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. शेकडेवारीचा धडा किती वेळा घेतला असेल याची मोजदाद नाही. पण या धड्याची खरी गरज मुलांना पंचविशीत, तिशीत पडते, आणि तोवर सूत्र तेवढं आठवत असतं, त्यामागचा विचार पुसला गेलेला असतो. म्हणून त्या दिवशी आम्ही सूत्राला हात न लावता पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोनच ओळी लिहिल्या.

४०,००० चे वीस टक्के : ८,०००.
३२,००० चे वीस टक्के : ६,४००.

कापताना आठ हजार गेले आणि देताना सहा हजार चारशे आले. दोन्ही वेळा शब्द तोच, 'वीस टक्के'. पण पहिले वीस चाळीस हजारांवरचे होते आणि दुसरे बत्तीस हजारांवरचे. सोळाशे रुपये त्या दोन 'वरचे'मधून गळाले.

टक्का कधी एकटा नसतो. शेकडा म्हणजे दर शंभरामागे. आणि ते शंभर कुठले, हे ठरल्याशिवाय मागचा आकडा बोलतच नाही. वर्गात मी त्याला 'पाया' म्हणायचे. वाढ किंवा घट काढायची तर पाया म्हणजे बदलाच्या आधीची किंमत, कारण आपला प्रश्न असा असतो की होतं त्याच्या मानाने किती बदललं. म्हणून आधीच्या आणि नंतरच्या किमतीतला फरक घ्यायचा, आधीच्या किमतीने भागायचा आणि शंभराने गुणायचा. चाळीस हजारांवरून बत्तीस हजार झाले तर फरक ८,०००, भागिले ४०,०००, घट वीस टक्के. बत्तीस हजारांवरून पुन्हा चाळीस हजारांवर जायचं तर फरक तोच ८,०००, पण भागायचं ३२,००० ने. वाढ पंचवीस टक्के. उतरताना वीस, चढताना पंचवीस. जिना तोच, पायऱ्याही तेवढ्याच; मोजायला सुरुवात मात्र वेगळ्या ठिकाणाहून केली.

ही पायाची शिस्त फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' लिहिली, तीत व्याजाची उदाहरणं 'पंचक-शत' अशा भाषेत येतात, म्हणजे शंभराला महिन्याकाठी पाच. त्या सगळ्या हिशेबांच्या मुळाशी त्रैराशिक आहे, जे त्यांच्याही कित्येक शतकं आधी आर्यभटाने सांगितलं होतं. त्रैराशिकातल्या तीन राशींची नावं मला मोठी अर्थपूर्ण वाटतात : प्रमाण, फल आणि इच्छा. शंभर हे प्रमाण, त्यावर मिळणारे पाच हे फल, आणि आपल्याला ज्या रकमेचं उत्तर हवं ती इच्छा. फलाला इच्छेने गुणायचं आणि प्रमाणाने भागायचं. ज्याने भागायचं त्यालाच आपल्या पूर्वजांनी 'प्रमाण' म्हटलं, ज्याच्या आधाराने बाकी सगळं मोजायचं ते. चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ स्थापन केल्याचं त्यात कोरलेलं आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणला. खानदेशच्या त्या डोंगराच्या पायथ्याशी आठशे वर्षांपूर्वी मुलं बसून हेच प्रमाण-फल-इच्छा घोकत असतील, हे मनात आलं की मला अजूनही भरून येतं.

आणि आपल्या भाषेत याहूनही सोपी एक वाट आहे, जी आपण विसरत चाललो आहोत. माझ्या आजीला टक्के येत नसत; तिला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ होती. सवायकी म्हणजे सव्वाचा पाढा, पाऊणकी म्हणजे पाऊणचा. सव्वापट म्हटलं की पंचवीस टक्के वाढ झालीच, दीडपट म्हणजे पन्नास टक्के, पाऊणपट म्हणजे पंचवीस टक्के घट. पेरणीच्या वेळी धान्य उसनं घ्यायचं आणि सुगीला सवाईने किंवा दिढीने फेडायचं, हा व्यवहार गावोगाव चालायचा. पायली नेली तर सव्वा किंवा दीड पायली परत. एका हंगामात पंचवीस ते पन्नास टक्के वाढ हा किती जड व्यवहार होता, ते सांगायला त्या शेतकऱ्याला टक्केवारीची गरज नव्हती.

ही 'पट'ची भाषा टक्क्यांच्या कित्येक गाठी सोडवते. वीस टक्के घट म्हणजे ०.८ पट. वीस टक्के वाढ म्हणजे १.२ पट. दोन्ही लागोपाठ आल्या तर बेरीज-वजाबाकी करायची नाही, गुणायचं : ०.८ गुणिले १.२ म्हणजे ०.९६. चाळीस हजारांचे ३८,४०० होणार हे पत्र आलं त्याच दिवशी कळलं असतं. आधी वाढ आणि मग घट झाली असती तरी उत्तर हेच आलं असतं, कारण गुणाकारात क्रम बदलला तरी फरक पडत नाही. दुकानाबाहेर 'पन्नास टक्के सूट, त्यावर आणखी वीस टक्के' असा फलक दिसला की ०.५ गुणिले ०.८, म्हणजे ०.४, एकूण सूट साठ टक्के, सत्तर नव्हे.

फक्त या 'पट'च्या शब्दांत एक खाच आहे, आणि भलेभले तिथे अडखळतात. रक्कम दुप्पट झाली म्हणजे वाढ शंभर टक्के. तिप्पट झाली म्हणजे दोनशे टक्के. कुणी तीनशे टक्के वाढ म्हणत असेल, तर रक्कम चौपट झालेली असते. 'पट'मध्ये मूळ रक्कम धरलेली असते, 'वाढी'त ती वगळलेली असते.

पायाचा गोंधळ सर्वांत जास्त होतो तो उलट दिशेने जाताना, म्हणजे आजची किंमत आणि वाढीचे टक्के माहीत आहेत आणि आधीची किंमत काढायची आहे तेव्हा. जनगणनेचं उदाहरण घेऊ. २००१ साली ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१,३१,८४९ होती. २०११ साली ती १,१०,६०,१४८ झाली. पालघर तेव्हा ठाण्यातच होतं. फरक २९,२८,२९९. भागिले २००१ चा आकडा, वाढ ३६.०१ टक्के. आता समजा एखाद्याकडे फक्त २०११ चा आकडा आणि हे ३६.०१ टक्के आहेत. तो म्हणतो, आजच्या आकड्यातून ३६.०१ टक्के वजा केले की जुना आकडा मिळेल. करून पाहिलं तर येतात ७०,७७,००० च्या आसपास. साडेदहा लाख माणसं कागदावरून नाहीशी झाली! मूळ आकडा १.३६०१ पट झाला होता, तेव्हा मागे जायचं तर १.३६०१ ने भागायचं. वाढ गुणाकाराने झालेली असते, म्हणून ती उलगडते भागाकाराने.

त्याच जनगणनेत घटीचीही उदाहरणं आहेत, आणि ती मला वाढीपेक्षा जास्त बोलकी वाटतात. मुंबई शहर जिल्हा ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर आला, घट ७.५७ टक्के. रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर; घट ४.८२ टक्के. सिंधुदुर्ग २.२१ टक्क्यांनी घटला. अख्खा महाराष्ट्र त्या दहा वर्षांत १५.९९ टक्क्यांनी वाढत असताना हे तीन जिल्हे आकसले. रत्नागिरीतली घट मोजून ८१,७०८ माणसांची. ठाण्याच्या वाढीपुढे ती नगण्य दिसेल. पण ४.८२ टक्के म्हणजे दर वीस माणसांमागे जवळजवळ एक, आणि कोकणातल्या एखाद्या वाडीवर वीसातलं एक माणूस कमी होणं म्हणजे काय, ते बंद घरांच्या कुलपांवरून कळतं. टक्केवारीचा हाच तर उपयोग : लहान गावाचं दुःख मोठ्या शहराच्या आकड्याखाली दबू न देता त्या गावाच्याच मापाने मोजणं.

उलट दिशेचा हाच हिशेब बिलावरच्या करात रोज लागतो. अठरा टक्के जीएसटी धरून १,१८० रुपयांचं बिल झालं तर त्यात कर किती? घाईघाईने लोक १,१८० चे अठरा टक्के काढतात आणि २१२ रुपये म्हणतात. कर लागला होता करापूर्वीच्या हजारावर. १,१८० भागिले १.१८ म्हणजे १,०००, आणि कर १८०.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा आमच्या सोसायटीत दोन दिवस हीच चर्चा चालली होती. मोठे टीव्ही, एसी यांच्यावरचा कर २८ वरून १८ वर आला. शेजारच्या काकांनी टीव्ही घ्यायचं लांबणीवर टाकलं होतं. किंमत दहा टक्क्यांनी उतरेल असं ते धरून चालले होते. त्यांच्यासाठी आम्ही सोपा आकडा घेतला. करापूर्वीची किंमत २५,०००. जुन्या दराने ३२,०००, नव्या दराने २९,५००. कमी झाले अडीच हजार. हे अडीच हजार म्हणजे २५,००० चे दहा टक्के खरेच, पण काका आजवर देत होते ते ३२,००० होते, आणि ३२,००० वर अडीच हजार म्हणजे ७.८ टक्के. त्याचप्रमाणे साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ वर आलं, तेव्हा दरातला फरक तेराचा असला तरी ग्राहकाला दिसणारी घट ११८ वरून १०५ ची, म्हणजे ११ टक्के. तूप-लोणी १२ वरून ५ वर; ११२ चे १०५, घट सव्वासहा टक्के. दुकानदाराने पूर्ण फायदा दिला तरी एवढाच मिळणार. हे माहीत नसलं की दुकानात विनाकारण वाद होतात, आणि माहीत असलं की फायदा खरोखर अडवला जात असेल तर तो पकडता येतो.

इथे आणखी एक गुंता आहे, जो बातम्यांमध्ये सतत दिसतो : टक्क्यांचेच टक्के. ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ४.४० टक्के केला. '०.४० टक्क्यांची वाढ' असं आपण सहज म्हणतो. पण ४ या पायावर ०.४० म्हणजे दहा टक्के वाढ झाली. दोन्ही विधानं एकाच घटनेची आहेत आणि त्यांत पंचवीस पटींचं अंतर आहे. ही सरमिसळ टळावी म्हणून दोन टक्केवारींमधल्या नुसत्या वजाबाकीला 'टक्केबिंदू' म्हणतात, आणि बँकवाले त्याचे शंभर भाग करून 'बेसिस पॉइंट' मोजतात. ती वाढ ४० बेसिस पॉइंटची होती. फेब्रुवारी २०२३ पर्यंत हा दर ६.५० वर पोचला, म्हणजे चारवरून अडीच टक्केबिंदू वर. कर्जदाराच्या दृष्टीने अडीच हा आकडा फसवा आहे. समजा कुणाचं तीस लाखांचं गृहकर्ज ७ टक्क्यांवर होतं आणि ते साडेनऊवर गेलं. पहिल्या महिन्याचं व्याज १७,५०० होतं, ते २३,७५० झालं. व्याजाचा बोजा जवळजवळ छत्तीस टक्क्यांनी वाढला. 'दर अडीच टक्क्यांनी वाढला' ऐकून जो निर्धास्त राहिला, त्याला हप्ता का पेलवत नाही हे कळत नाही, आणि तो स्वतःच्याच खर्चाला दोष देत बसतो. मी अशी माणसं पाहिली आहेत.

शेअर बाजाराच्या पडझडीत उतरणं आणि चढणं यांच्यातलं अंतर सर्वांत क्रूरपणे दिसतं. ८ जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला होता आणि ९ मार्च २००९ ला ८,१६० वर. घट सुमारे ६१ टक्के. तिथून जुन्या जागी यायला वाढ किती हवी? १२,७१३ भागिले ८,१६०, म्हणजे जवळपास १५६ टक्के. दहा टक्के पडलं तर ११.१ टक्के चढावं लागतं. वीस पडलं तर पंचवीस. पन्नास पडलं तर शंभर. खड्डा जितका खोल, तितकी वर यायची चढण अधिक उभी होत जाते, कारण पाया स्वतःच खाली गेलेला असतो.

व्यापारात मात्र पाया निवडायची दोन रास्त पद्धती आहेत आणि दोन्ही चालतात. ८० रुपयांना घेतलेली वस्तू १०० ला विकली, तर शाळेच्या पुस्तकाप्रमाणे शेकडा नफा पंचवीस, कारण तो खरेदी किमतीवर काढायचा. घाऊक व्यापारी त्यालाच वीस टक्के मार्जिन म्हणेल, कारण तो विक्री किमतीवर काढतो. दोघांचंही बरोबर आहे. भांडण होतं ते एकाने एका पायावर बोलायचं आणि दुसऱ्याने दुसऱ्यावर ऐकायचं, तेव्हा.

बिस्किटाच्या पुड्याचंही तेच. किंमत दहा रुपयेच, पण वजन शंभर ग्रॅमवरून ऐंशी केलं. वजन वीस टक्क्यांनी घटलं, पण ग्रॅममागची किंमत पंचवीस टक्क्यांनी वाढली. पुन्हा तेच वीस आणि पंचवीस, भाच्याच्या पगारातले. महागाई पुड्यावरच्या किमतीत दिसत नाही तेव्हा ती वजनाच्या बारीक अक्षरांत शोधावी लागते.

शून्याचं काय, हे मुलं वर्गात हमखास विचारायची. एका गावात मागच्या वर्षी डेंग्यूचा एकही रुग्ण नव्हता, यंदा पाच आहेत. वाढ किती टक्के? उत्तर नाही. शून्याने भागता येत नाही, पायाच नाही तिथे टक्का उभा राहत नाही. तिथे सरळ 'पाच रुग्ण' म्हणायचं. आणि पाया अगदी लहान असेल, दोनाचे सहा झाले असतील, तर 'दोनशे टक्के वाढ' हे गणिताने खरं असूनही माणसाला घाबरवणारं असतं. अशा वेळी टक्क्यांबरोबर मूळ आकडे सांगणं हे सांगणाऱ्याचं कर्तव्य आहे, असं मी मानते.

टक्का आपल्या बोटांवर इतका सहज बसला त्याला एक तारीखही कारणीभूत आहे. १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे. 'सोळा आणे खरं' हा शब्दप्रयोग तिथला. रुपयामागे एक आणा म्हणजे सव्वासहा टक्के, असा हिशेब डोक्यात करावा लागे. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि टक्का म्हणजे सरळ रुपयामागे एक पैसा झाला. पिकांच्या आणेवारीची पैसेवारी झाली ती याच बदलाने. गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत येते की वर, यावर दुष्काळाच्या सवलतींकडे डोळे लावून बसलेल्या गावाचं लक्ष असतं. ती पैसेवारीही टक्केवारीच आहे : यंदाचं उत्पन्न, भागिले प्रमाण उत्पन्न. आणि तिथेही सगळा वाद शेवटी भाजकाशी येऊन थांबतो, की प्रमाण म्हणून जे धरलं ते बरोबर आहे का. भास्कराचार्यांचाच शब्द, शिवाराच्या बांधावर.

भाच्याने त्या रात्री कंपनीला पत्र लिहायला घेतलं. भाषा नम्र ठेवली, आरोप केला नाही, फक्त हिशेब मांडला. पत्राच्या शेवटी त्याने लिहिलं : मूळ पगारापेक्षा सध्याचा पगार चार टक्क्यांनी कमी आहे, तरी चार टक्के वाढ देऊन तो पूर्ववत करावा. मी काही बोलले नाही. त्याने ते वाक्य पुन्हा वाचलं, पेन थांबलं, आणि पावतीच्या मागे ज्या दोन ओळी आम्ही लिहिल्या होत्या त्यांच्या खाली त्याने तिसरी लिहिली. ३८,४०० चे चार टक्के : १,५३६. मग सोळाशेतून ते वजा केले, उरलेल्या चौसष्ट रुपयांभोवती गोल काढला, आणि पत्रातल्या मागणीतलं 'चार टक्के' खोडून तिथे लिहिलं, 'दरमहा ४०,००० रुपये'.